मथुराबाईची काठी

मित्रांनो, मी एक जुनी वेळूची काठी आहे. सरळ बसा आणि ऐका. मला कुणी म्हातारपणाची काठी म्हटले की माझे डोके फिरते. मी तरुण हातात आले होते. म्हातारी झाली ती मला धरणारी. मी अजून वाकलेली नाही. शाळा मी पाहिली नाही. छडी माझी लांबची नातलग, पण तिचे उद्योग मला विचारू नका.

माझा जन्म कात्रजच्या डोंगरापलीकडचा. गेनबाने मला वेळूच्या बेटातून तोडले, सहा महिने सावलीत वाळवले, जाळावर शेकून सरळ केले आणि खाली शेंबी ठोकली. शेंबी म्हणजे टोकाला बसवलेली लोखंडी टोपी. एवढे करून त्याने मला स्वतः वापरलेच नाही. त्याची मुलगी मथुरा लग्न होऊन डोंगराच्या अलीकडे, पुण्याच्या अंगाला चालली होती. तिच्या हातात मला दिले. वाटेत साप असतात आणि घरात सासू, एवढेच म्हणाला.

मथुराची मैत्रीण सोजर तिच्याच गावची, आणि दिली तीही त्याच सासरगावात. माहेरी जायला दोघी डोंगराच्या धारेवरून एकत्र निघत. गवतात पाय टाकण्याआधी मला आपटायचे. मुरमाचा उतार आला की मला खालच्या अंगाला रोवायचे आणि मगच पाऊल उचलायचे. चाळीस वर्षे हे काम मी चोख केले. दोघींपैकी एकीलाही पडू दिले नाही. कौतुक मात्र दर वेळी देवाचे झाले.

पुढे सासरगाव पुण्यात गेले. शेतावर इमारती आल्या. मथुराबाईचा मुलगा रंगराव सातव्या मजल्यावर राहायला गेला आणि मला कपडे धुण्याच्या यंत्रामागे उभे केले. तिथे माझ्याकडून काय कामे करून घेतली ते ऐका. कबुतरे हाकलली. कपाटाखाली गेलेले मोजे ओढून काढले. नागाशी गाठ पडेल म्हणून मला घडवले होते, आणि माझ्या नशिबी मोजा. पुसलेसुद्धा नाही कुणी.

तरी मथुराबाई मला काढून गुपचूप मागच्या टेकडीवर नेत असे. सोबत सोजरबाई. दोन वर्षांपूर्वी तिथे मथुराबाईला चक्कर आली. पडली नाही, मी होते ना. पण सोजरबाईने ते जाऊन रंगरावला सांगितले आणि त्याच दिवशी टेकडी बंद झाली. आई, आता खालच्या बागेतच फिरायचे, असा हुकूम सुटला. ती बाग अडीचशे पावलांत संपते. मथुराबाईने सोजरबाईशी बोलणे टाकले. ती समोरून आली की ही रस्ता बदलायची. मीही तिला माफ केले नव्हते.

यंदा थंडीत फिरायची हौस असलेल्या काही मंडळींनी पुण्याभोवतीच्या डोंगरांवरून एक लांबलचक वाट आखली. दर रविवारी तिचा एक टप्पा चालायचा. एक टप्पा नेमका आमचा निघाला, घाटापासून माहेरच्या खिंडीपलीकडे. मथुराबाईची नात अपेक्षा हिंजवडीला नोकरी करते. तिने आजीचे नाव घालून टाकले. रंगराव अडून बसला. शेवटी आईला म्हणाला, ती वाट माहीत असलेले तुझ्या वयाचे कुणी बरोबर असेल तरच जा. आणि काही झाले तर हे शेवटचे. असे माणूस पुण्यात एकच उरले होते, सोजरबाई. तिला निरोप मथुराबाईने स्वतः दिला नाही. अपेक्षाला पाठवले.

घाटात गाडीतून उतरल्यावर तरुण मंडळी भरभर पुढे गेली, अपेक्षाही त्यांच्यात. एकेकाच्या हातात दोन दोन घडीच्या, चकचकीत काठ्या. ज्याला एकेका पायाला एकेक काठी लागते त्याने घरी बसावे, असे माझे मत आहे. दगडांवर पांढऱ्या रंगाने बाण काढले होते. बाण दिसला की मथुराबाई त्यावर मला ठोकत होती.

"आमाला वाट दावत्यात."

"मला म्हणालीस का?" मागून सोजरबाईने विचारले.

"काठीला म्हणाले. ती चुगल्या करत न्हाई."

पहिल्या दोन टेकड्यांत बोलणे झाले ते एवढेच.

मग खिंड आली. आमच्या माहेराकडे एक रीत आहे. खिंडीत दगडांच्या ढिगावर आपला एक दगड ठेवायचा आणि पार होईपर्यंत कुणाला नावाने हाक मारायची नाही. मारली तर ते नाव खिंडीतला म्हसोबा ठेवून घेतो म्हणतात. दोघींनी ही रीत जन्मभर पाळली. त्या दिवशी तर ती फारच सोयीची होती.

मथुराबाईने दगड ठेवला आणि तरातरा निघाली. खिंड संपली, सपाटी आली, तरी थांबली नाही. मागून सोजरबाईच्या चपलांचा फटक फटक आवाज येत नव्हता. मला कान नाहीत, पण जमिनीतले मला सगळे कळते. मथुराबाईला वाटले, रुसून मागे राहिली असेल. राहू दे. तिने मला आणखी जोरात आपटले. मग तिची पावले मंद झाली. मग ती उभीच राहिली.

आम्ही वळलो. खिंडीच्या तोंडाशी येऊन तिने हाक मारली, "सोजरे." उत्तर नाही. आत शिरून पुन्हा मारली. नाव घेऊन, भर खिंडीत.

सोजरबाई ढिगाच्या खालच्या अंगाला बसली होती. दगड उचलायला वाकली आणि मुरमावरून घसरली. घोट्यावर लिंबाएवढी सूज, आणि तोंड घट्ट मिटलेले.

"मेली असतीस तरी हाक मारली नसतीस?"

"तुझं नाव कशाला द्यू त्याला? तू घेतलंस की माझं, भोंगा लावल्यागत. दोनदा."

"त्यो तुला ठिवून न्हाई घ्यायचा. त्याला बी डोकं हाय."

सोजरबाई हसली नाही. घोटा धरून म्हणाली, "मथे, घरी सांगू नगंस. सून परत उंबऱ्याभायेर जाऊ द्यायची न्हाई."

दोन वर्षे मथुराबाई याच संधीची वाट पाहत होती. मी तिच्या मुठीत होते, मला ठाऊक आहे.

"सांगणार की. तू न्हवतं सांगितलं?"

"तुझं डोळं पांढरं झालं व्हतं त्या दिवशी. मी भ्याले व्हते, मथे."

मथुराबाईने तोंड फिरवले.  मग मला सोजरबाईच्या हातात कोंबले आणि दुसऱ्या बाजूने स्वतःचा खांदा दिला. दोघींचा भार घेऊन मी खिंडीचा उतार उतरले. अर्ध्या वाटेत माझ्या अंगात कडकन चीर गेली. मी हूं की चूं केले नाही.

खाली अपेक्षा शोधत येताना दिसली. मथुराबाईने सोजरबाईला दगडावर बसवले, लुगड्याच्या काठाने तिचा घोटा झाकला, तिची चप्पल काढली आणि माझी शेंबी घालून चपलेचा अंगठा उपटून काढला.

काय झाले, सोजरआजी का लंगडत होत्या, असे अपेक्षाने विचारले.

"चप्पल तुटली तिची. कितींदा सांगितलं, चांगली घेत जा."

"दिवाळीला घेतली व्हती," सोजरबाई दात खात म्हणाली.

मित्रांनो, तेव्हापासून मी सोजरबाईच्या घरी आहे. सूज आठवड्यात उतरली. माझी चीर तिने तार गुंडाळून घट्ट बांधली आहे. दर गुरुवारी मथुराबाई मला न्यायला येते. चहा पाणचट झाला म्हणते, पुढचा टप्पा कुठला यावरून वाद घालते आणि मला न घेताच जाते. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढ्या फेऱ्या घातल्या नव्हत्या.

तुमच्या घरात एखादी काठी अडगळीत उभी असेल, तर तिला बाहेर काढा, पुसा, चालायला न्या. आणि डोंगरात बरोबरच्या माणसाचे पाऊल ऐकू येईनासे झाले, तर रुसला असेल म्हणून पुढे जाऊ नका. रीत मोडा, पण हाक मारा.

आज गुरुवार आहे. जिन्यात पावले वाजत आहेत. तुम्ही आता निघा. परक्यांसमोर त्या दोघींना धड भांडता येत नाही.