रफूवाल्या बाईंचं खातं

बायको गेल्यावर चष्मेवाल्याने तिचा फोन दुकानातल्या एका खणात ठेवून दिला. सिम चालू ठेवायला हवं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, त्यामुळे ते केव्हाच बंद पडलं होतं. फोन मात्र तो चार्ज करायचा. का करतोस, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. दुकानाच्या वायफायवर तो फोन तेवढा जिवंत होता आणि दिवसातून चार-दोन वेळा खणातल्या खणात किणकिणायचा.

बायको रफूचं काम करायची. दुकानामागच्या खोलीत, खिडकीजवळ बसून. कसर लागलेल्या शाली, इस्त्रीने जळालेले कोट, खिळ्यात अडकून फाटलेल्या साड्या. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोक असं भरायचं की धन्यालासुद्धा ते सापडू नये. शेवटच्या काही वर्षांत ती काम करता करता व्हिडिओ काढायला लागली. डब्यावर डबा रचून त्यावर फोन उभा करायची. व्हिडिओत तिचे हात आणि कापड तेवढं दिसायचं, आणि ती आपली बोलत असायची. पुष्कळ लोक बघायचे म्हणे. म्हणे, कारण चष्मेवाल्याने त्यातला एकही कधी बघितला नव्हता.

"बघा तरी एकदा," ती म्हणायची.

"दुकान आवरलं की बघतो," हा म्हणायचा.

दुकान रोज आवरलं जायचं. पण भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू आलं की त्याच्या मनात कुठेतरी खुपायचं. ही फोनशी बोलताना इतकी खुलते, मग जेवायला बसल्यावर आपल्याशी बोलायला हिच्याकडे भाजीच्या मिठाशिवाय विषय का नसतो? हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. बघितलं नाही की आपोआप विसरायला होईल, असा त्याचा हिशेब होता.

ती जाऊन वर्ष झालं त्या दिवशी फोनने उच्छाद मांडला. एक गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं होतं आणि खणातून किणकिण थांबेना. गिऱ्हाईक गेल्यावर चष्मेवाल्याने फोन बाहेर काढला. तिच्या व्हिडिओंखाली परक्या माणसांची रांग लागली होती. कोणी रडक्या चेहऱ्याचं चित्र टाकलं होतं, कोणी बदाम. एकाने केस वाढवायच्या तेलाची जाहिरात चिकटवली होती. एकीने विचारलं होतं, "बाई, हल्ली नवीन काही टाकत नाही? रागावलात का?"

त्याने धाकट्या भावाला फोन लावला.

"बंद करून टाक दादा," भाऊ म्हणाला. "गेलेल्या माणसाच्या नावावर लोक काय काय उद्योग करतात. उगाच डोक्याला ताप."

चष्मेवाल्याला तेवढंच हवं होतं. खातं कायमचं काढून टाकायचं बटण शोधायला त्याला वेळ लागला, पण सापडलं. नक्की ना, असं फोनने दोनदा विचारलं. त्याने दोन्ही वेळा हो म्हटलं. मग भावजयीचा फोन बिघडला होता म्हणून हा फोन पूर्ण पुसून, कोरा करून तिला देऊन टाकला. त्या संध्याकाळी दुकानात अगदी शांत होतं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

त्याची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करायची. घरात तिला सगळे चिमी म्हणत. आठवड्यातून एकदा बापलेकीचा फोन व्हायचा. जेवलीस का, हो, तुम्ही जेवलात का, हो, तब्येत बरी ना, हो. की संपला. पण काही दिवसांनी भर दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, आईचं खातं दिसत नाहीये."

"कसलं खातं?" कळूनही त्याने विचारलं.

"आईचे व्हिडिओ हो. सगळं गायब आहे. तुम्ही काही केलंत का?"

तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्याच्या तोंडातून निघून गेलं, "मी काय करणार? मला त्यातलं काय कळतं? आपोआप बंद पडलं असेल."

"आपोआप कसं पडेल? कोणीतरी खोटी तक्रार केली असणार. थांबा, मी बघते."

चिमीने ते मनावर घेतलं. ड्युटीवरून आली की ती कंपनीला लिहायची. माझ्या आईचं खातं चुकून बंद केलंय, त्यात काहीही गैर नव्हतं, कृपया तपासा. तिकडून साचेबंद उत्तरं यायची. तिने आईचं ओळखपत्र पाठवलं, मृत्यूचा दाखला पाठवला. रोज बापाला फोन करून सांगायची, आज हे उत्तर आलं, उद्या असं करून बघते. इतके फोन तिने आधी कधी केले नव्हते. चष्मेवाला हुं हुं करत ऐकायचा. एकदा सांगून मोकळं व्हावं असं रोज वाटायचं, आणि रोज तो म्हणायचा, बघ बेटा, होईल काहीतरी. खोटं असं की एकदा बोललं की दुसऱ्या दिवशी ते जास्त जड होतं. कोणी सांगावं, कंपनी आपणहून सुरू करून देईल आणि कोणाला काही कळणारही नाही, अशी त्याला आशा होती.

अखेर एक सरळ उत्तर आलं. खातं कंपनीने बंद केलेलं नाही. खातेदाराच्या फोनवरून ते काढून टाकण्यात आलं आहे. खाली तारीख होती.

चिमी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आली. बॅग दुकानातच ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसली.

"त्या तारखेला आईचा फोन कोणाकडे होता?"

चष्मेवाला हातातल्या चष्म्याची काडी स्क्रूने बसवत राहिला. स्क्रू खाली पडला. तो शोधायला वाकला आणि वाकूनच म्हणाला, "माझ्याकडे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने स्क्रू उचलून काउंटरवर ठेवला.

"मग सांगितलं का नाहीत? मी वेड्यासारखी त्यांना लिहीत बसले. काढून टाकलेलं खातं ते महिनाभर ठेवतात, बाबा. तेवढ्यात आत शिरलं की परत मिळतं. पहिल्याच दिवशी बोलला असतात तर..."

"आता नाही का होणार?"

तिने बोटांवर मोजलं. "आठवडाभरसुद्धा उरलेला नाही. फोन आणा."

भावजयीकडून फोन आणला. त्यात भावजयीच्या नातवाच्या खेळांशिवाय काही नव्हतं. आईचे मूळ व्हिडिओही त्याच फोनमध्ये होते, तेही पुसले गेले होते. पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. चिमीने पासवर्ड बदलायची विनंती केली, तेव्हा कंपनी म्हणाली, तुमच्या नंबरवर कोड पाठवतो. तुमचा नंबर म्हणजे आईचा नंबर.

"लावून बघू का?" चष्मेवाला म्हणाला, आणि वर्षभरानंतर त्याने तो नंबर फिरवला. तो पाठ होता. रिंग गेली. पलीकडून बाईचा आवाज आला, "हॅलो?"

नंबर दुसऱ्या कोणाला तरी देण्यात आला होता. चष्मेवाल्याने सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण शेवटी आलाच त्या वाक्यावर, "तर तुमच्याकडे एक कोड येईल, तेवढा मला सांगा."

"काका," पलीकडची बाई म्हणाली, "मी बँकेत कॅशियर आहे. कोड कोणाला देऊ नका, असा फलक माझ्या डोक्यावरच लावलाय. निदान गोष्ट तरी नवीन शोधायची." आणि तिने फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना.

चिमीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

दोन दिवस तसेच गेले. मग चष्मेवाल्याने दुकानाच्या फोनवरून लावला आणि घाईघाईने म्हणाला, "बाई, ठेवू नका. मी तुमच्या बँकेत येतो. समोर येऊन सांगतो. चोर समोर येत नाही."

"मी आता रजेवर आहे," ती म्हणाली. "सोमवारी या. शाखेचा पत्ता घ्या."

सोमवारी तो बँक उघडायच्या आधीच दारात उभा होता. चिमीने घरी थांबून कॉम्प्युटर तयार ठेवला होता. कॅशियर बाई तरुण होती, चष्मा नाकावर घसरलेला. तिने दाखला पाहिला, ओळखपत्र पाहिलं.

"कागद काय, कोणीही आणतं," ती म्हणाली. "पण मला या नंबरवर कोणाकोणाचे फोन येतात. रफूवाल्या बाई आहेत का, म्हणून. एक आजी तर नेमाने करतात. म्हणतात, माझ्या शालीचं फार सुंदर काम केलंत. तुम्ही रफूवाल्या बाईंचे मिस्टर ना? सांगा, कसली शाल होती?"

कित्येक शाली त्याच्या डोळ्यांसमोरून मागच्या खोलीत गेल्या होत्या. बायकाही आल्या होत्या. "आत आहे ती," एवढं सांगून तो पुन्हा काचेकडे वळायचा.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "लेकीला माहीत असेल. विचारू?"

त्याने चिमीला फोन लावून कॅशियरच्या हातात दिला. चिमीने एका दमात सांगितलं. शेवाळी रंगाची, आजींच्या सासूबाईंची, काठाला कसर लागलेली. तसा धागा मिळेना म्हणून आईने तीन रंगांचे धागे एकत्र पिळून तो रंग बनवला होता. त्याचे तीन व्हिडिओ होते.

कॅशियर बाईने चष्मा सारखा केला. "मागवा कोड," ती फोनमध्ये म्हणाली. तिच्या फोनवर आकडे उमटले. तिने ते हळू आवाजात, पण स्पष्ट वाचून दाखवले. मग चष्मेवाल्याकडे न बघता म्हणाली, "आधीच दिला असता. पण तुम्हीच सांगा, कसा देणार?"

"तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. आणि हे त्याने मनापासून म्हटलं.

त्याने आपला फोन परत घेऊन कानाला लावला, पलीकडे चिमीची बोटं चालल्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबला.

"काय झालं?"

"काल संपला महिना, बाबा."

घरी आला तेव्हा ती मागच्या खोलीत आईच्या खुर्चीवर बसली होती. तो दारातच उभा राहिला. आत जायची हिंमत होईना.

"तू रोज बघायचीस ते?" त्याने विचारलं.

"बघायची. आणि लिहायचीही. एखादा जुना व्हिडिओ काढायचा आणि त्याच्याखाली आईला लिहायचं. जुन्याखाली कोण वाचतंय."

म्हणजे खणातली ती किणकिण. चष्मेवाल्याने चौकटीला हात टेकला.

"काय लिहायचीस?"

"काही विशेष नाही हो. आज कोणाचा हात मोडला, डब्यात काय नेलं. कोणाशी भांडले." जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्याबद्दलही. की बाबांशी काय बोलावं ते मला सुचत नाही."

तो म्हणाला, "मला वाटलं, सगळे परके आहेत."

"उघडून बघितलं असतं तर कळलं असतं ना."

"हो."

तिने उठून चहा टाकला. दोघांनी तो तिथेच, मागच्या खोलीत घेतला. मग तो अडखळत म्हणाला, "एखादा सांग की. काय बोलायची ती?"

चिमीने कप खाली ठेवला. एकेक आठवून सांगायला लागली. लोकरीच्या टोपीचा, लग्नातल्या शालूचा, एका सर्कसवाल्याच्या विजारीचा. सांगताना ती आईसारखी हात हलवत होती, ते तिच्या ध्यानात नव्हतं. चष्मेवाला ऐकत होता. मध्येच ती हसली.

"एकात तुमचा कोट होता. तो तपकिरी. बाहीला मोठं भोक पडलं होतं आणि तुम्हाला पत्ताच नव्हता. आईने गुपचूप भरलं. शेवटी म्हणाली, ज्याचा कोट आहे त्याला हे कधी कळणार नाही, आणि कळलं नाही तरच माझं काम चांगलं."

चष्मेवाला उठला. कपाटातून तपकिरी कोट काढून आणला, खिडकीशी नेला आणि बाही उजेडात धरली.

"कुठल्या बाहीला?"

"उजव्या," ती म्हणाली. मग थबकली. "की डाव्या? कोपराच्या खाली होतं बहुतेक. बाबा, मला नीट आठवत नाही. व्हिडिओत दिसायचं."

त्याने उजवी बाही आत-बाहेर करून पाहिली, मग डावी. सगळीकडे वीण सारखीच होती. चिमी उठून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तीही बोटांनी चाचपायला लागली. बाहेर दुकानात कोणीतरी हाका मारत होतं. दोघांपैकी कोणीच गेलं नाही.