तोलानंदांचा कलश

कुळगावच्या समाजमंदिरात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. तोलानंद महाराज पोटावरून रुद्राक्ष फिरवायचे, रोज किती कॅलरी खायच्या तो आकडा द्यायचे, आणि माणूस आठवड्यात चार किलो उतरायचा. जाड्याचेही चार, बारक्याचेही चार.

"चमत्कार अजून काय असतो?" शेजारच्या कुंदाकाकू म्हणाल्या.

हरिचंद्र भोईर मात्र त्या चारापाशी अडला होता. आनंदनगर एमआयडीसीतल्या ट्रकच्या वजनकाट्यावर त्याची तीस वर्षं गेली होती. भरल्या ट्रकचं वजन, मग रिकाम्याचं, मधला फरक तो माल. पण सगळ्या ट्रकांत सारखाच माल त्यानं कधी पाहिला नव्हता.

त्याची मुलगी करिष्मा महाराजांसमोर रांगेत उभी होती. महिन्यावर तिच्या लग्नाची हळद आलेली. महाराजांनी तिला पाचशे चाळीस कॅलरी दिल्या होत्या. सकाळी जिम, संध्याकाळी मैदानाला वीस फेऱ्या, ताटात काकडी. काल ती जिन्यातच मटकन बसली होती. आई जाऊन दोन वर्षं झाली, घरात दोघंच. त्यानं कोलंबीचं कालवण करून ताट समोर ठेवलं होतं.

"दोन घास खा गो."

"नाय पप्पा, आजचे पाचशे चाळीस झाले."

"कशानं झाले? काकडीनं?"

आता महाराज माइकवर बोलत होते, "तुमच्या अंगात मागच्या जन्मीचं तूप साठलंय. डॉक्टरला ते दिसत नाही, कारण त्याच्याकडे या जन्माचीच मशीन आहे."

करिष्मानं लाल कापडात गुंडाळलेला, वर नारळ ठेवलेला पितळी कलश छातीशी धरला आणि काट्यावर चढली. एक्काहत्तर. मागच्या रविवारी असाच कलश धरून पंचाहत्तर भरली होती. टाळ्या पडल्या.

"पण जिममध्ये मी अडुसष्टच भरते, तेव्हाही आणि आताही," ती चाचरत म्हणाली.

"तिथं नुसता देह मोजतात बेटी. इथं संकल्पासकट. कलश हलका लागला ना? पाप उतरलं. आता चारशे कॅलरी."

चारशे ऐकून हरिचंद्र जागेवरून उठला. त्यानं कलशांकडे नीट पाहिलं. नव्या लोकांचे डावीकडे, आठवड्यानं परतलेल्यांचे उजवीकडे. त्याला वाळूचे ट्रकवाले आठवले. टाकीत पाणी भरून काट्यावर यायचे, रिकाम्या वजनाआधी ते पाणी सोडून द्यायचे; पाणी वाळूच्या भावानं खपायचं.

तो सरळ पुढे गेला आणि डावीकडचा कलश उचलून काट्यावर चढला. एकोणऐंशी. उतरला, उजवीकडचा घेतला, पुन्हा चढला. पंचाहत्तर.

"एका मिनिटात चार किलो," तो म्हणाला. "आणि मी आत्ताच दोन वडापाव खाऊन आलोय."

कुणीतरी फिसकन हसलं.

"तुझी भक्ती थोर," महाराज घाईनं म्हणाले. "कलश खाली ठेव."

"ठेवतो." त्यानं डाव्या कलशाचं कापड सोडलं, नारळ काढला आणि कलश कोपऱ्यातल्या बादलीत ओतला. चार लिटर पाणी. उजवा उलटा केला. त्यातून फक्त नारळ घरंगळला.

"हे पाप?" कुंदाकाकूंनी बादलीत डोकावून विचारलं. "आमच्या नळाला हे एक दिवसाआड येतं."

हशा थांबेपर्यंत महाराज मागच्या दारानं गेले होते.

हरिचंद्र करिष्माला तसाच डॉक्टर संजीवनींकडे घेऊन गेला. त्यांनी वजन, उंची, वय, काम, व्यायाम विचारून कागदावर हिशेब मांडला. "तुझं शरीर दिवसाला साधारण दोन हजार कॅलरी खर्च करतं. त्यातून चारशे कमी कर. सोळाशे खा. आठवड्याला तीन-चारशे ग्रॅम उतरतील. व्यायाम वाढवलास तर खाणंही थोडं वाढव. चक्कर आली तर आकडा सोड, माझ्याकडे ये."

"हळदीपर्यंत एवढंसंच?" करिष्माचा चेहरा पडला.

"दीड किलो. पण हळदीत उभी राहशील. आणि नाचशीलही."

करिष्मानं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "पप्पा, कालवण उरलंय का?"

तेव्हा मंडळी, कुणी तुम्हाला आकडा दिला तर तो कशातून काढला ते विचारा. सांगता येत नसेल तर आकडा त्यालाच परत करा. आणि काट्यावर चढताना हात मोकळे ठेवा.