डिस्कोअण्णांच्या दारातलं गाणं

"अण्णा, तुमचा हात आधी," शहाजी म्हणाला. गुरुसिद्धप्पांना ते त्याच्या ओठांवरून कळलं.

मंडळाची बैठक मारुतीच्या देवळात बसली होती. यंदा विसर्जनाला डीजे आणायचा की नाही, एवढाच विषय. ज्यांना डीजे नको, त्यांनी हात वर करायचा होता. गल्लीत आधी सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचं मत घेत, आणि त्याच्या पुढं सहसा कुणी जात नसे. गुरुसिद्धप्पांचा हात मांडीवरून उठेना.

गल्ली त्यांना डिस्कोअण्णा म्हणायची. ऐंशीच्या दशकात ते माग चालवत त्या चादरीच्या कारखान्यात मुंबईच्या एका मेकॅनिकनं इंग्रजी डिस्को गाण्यांची कॅसेट आणली होती. शब्द कुणाच्या बापाला कळत नव्हते. पण खालचा तो ठेका, बेस गिटारचं ते घुमणं, नेमकं मागाच्या चालीवर पडायचं. गुरुसिद्धप्पा दोन मागांमधल्या चिंचोळ्या वाटेत नाचायचे. पांढरी बेलबॉटम शिवून त्यांनी गणपतीतल्या नाचाच्या स्पर्धाही मारल्या. तिथंच मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या ईरम्मेनं त्यांना नाचतानाच पसंत केलं. घरच्यांनी नंतर फक्त लग्न लावून दिलं.

पुढं त्याच मागांनी त्यांचे कान खाल्ले. कानातलं यंत्र नुसत्या शिट्ट्या मारायचं. उरला तो फक्त अंगाला जाणवणारा बेस. शहाजी मंडळाचा अध्यक्ष आणि डीजेही त्याचाच. मिरवणुकीत तो त्यांच्या दारात ट्रक थांबवून एक जुनं डिस्को गाणं लावायचा. अण्णा स्पीकरच्या पेटीला तळहात टेकवून डोळे मिटायचे. त्या एका गाण्यावर ते वर्ष काढायचे.

गेल्या वर्षी ते गाणं चालू असताना ईरम्मा दारात खाली बसली. छातीत कळ आली होती. मागांच्या खडखडाटात हयात गेलेली माणसं ओरडत नाहीत. ओरडून उपयोग नसतो, म्हणून ती नुसते ओठ हलवतात, बोटांनी खुणा करतात. तिनंही तेच केलं. नवऱ्याकडं बघून ती ओठांनी म्हणाली, "अहो, दुखतंय." अण्णांचे डोळे मिटलेले होते. शेजारच्या राजश्रीनं धावत येऊन तिला सावरलं, रिक्षा बोलावली. ऑपरेशन झालं आणि बाई वाचली; पण छातीवर दणका बसेल असा आवाज आता नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आज बैठकीला निघताना तिनंच त्यांना बजावलं होतं, "डीजे असू दे म्हणा. मी त्या दिवशी बार्शीला लेकीकडं जाते की. तुमचं तेवढंच तर हाय."

"आणि तुझं?"

"माझं काय? मी लई ऐकलंय."

देवळात शहाजी जवळ सरकला. धंदा त्याचा होता, तरी अण्णांवर त्याचा जीवही होता. "अण्णा, अक्का बोलल्यात मला. त्यांना मी गाडीनं बार्शीला सोडतो. काळजी नगं. गाणं तुमच्या दारात वाजणारच."

गुरुसिद्धप्पांना एकदम राग आला. शहाजीचा नाही, स्वतःचा.

"बायकूला घराबाहेर काढून गाणं ऐकू व्हय?" ते म्हणाले. आपला आवाज किती मोठा झाला ते त्यांना कळलं नाही; सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. त्यांनी हात वर केला. मग एकेक करत बाकीचे हात वर गेले, शेवटी शहाजीचाही.

डीजेऐवजी लेझीम ठरलं. विसर्जनाच्या दिवशी अण्णांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. निदान बघायला तरी उभं राहू, असं त्यांच्या मनात होतं. ईरम्मा गोळी घेऊन झोपली होती, म्हणून ते तिच्या खाटेजवळ बसले. विसर्जनाला ती दरवर्षी कानात कापूस घालून बसायची, हे राजश्रीनं त्यांना आत्ता आत्ता सांगितलं होतं. आज कानात काही नव्हतं. तिचा पदर संथपणे वरखाली होत होता. ते तेच बघत राहिले.

दरवर्षी मिरवणूक कोपऱ्यावर आली की पायाखालची फरशी थरथरायची. यंदाही ते फरशीच्याच भरवशावर बसले होते.

उन्हं कलली तसे ते दार उघडून बाहेर आले. गल्ली रिकामी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाल पडला होता. राजश्री आपल्या दारापुढं झाडत होती.

"मिरवणूक कवा येणार गं?"

तिचा झाडू थांबला. "गेली की, अण्णा. लई वेळ झाला. तुमाला कुणी हाक मारली न्हाय?"

अण्णांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून, जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "ती झोपलीय अजून. मिरवणूक दारावरनं गेली, तरी झोपलीय."

ते आत वळले. दार लावताना ते करकरतं की नाही हे त्यांना कळणार नव्हतं, म्हणून त्यांनी ते फार सावकाश लोटलं.