अण्णांचं उत्तर माझ्याकडे पडून आहे

मी क्षितिजचा मेलबॉक्स बोलतोय. आधीच सांगून टाकतो, माझ्या बोलण्यात जळफळाट आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म सोलापूरचा, क्षितिजच्या कॉलेजातला. पहिली नोकरी, चेन्नईची बदली, वेस्ट मांबलमचा भाड्याचा फ्लॅट, सगळं आधी मला कळलं. पण माझ्याकडच्या जाहिरातींच्या गर्दीत त्याला म्हणे लिहायला सुचेना. मग एडिटर नावाच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रोग्राम लिहायचा, त्यालाच त्यानं मेल लिहायला, पाठवायला नि माझ्याकडून आलेली पत्रं आणून दाखवायला शिकवलं. काळी पाटी, पांढरी अक्षरं. ना रंग, ना रूप! वर नाव, खाली विषय, मग मजकूर; दोन कळा दाबल्या की पत्र रवाना. जायचं माझ्याच दारातून, पण लाड त्याचे. मला तर फोनवरूनही काढून टाकलं.

गेल्या रविवारी क्षितिजनं वडिलांना, अण्णांना, पत्र लिहिलं. चेन्नईच्या तमिळ मधुवंतीशी लग्न ठरवल्यापासून दोन वर्षं बापलेकात अबोला. त्यात क्षितिजचा फोन नंबरही बदललेला. तासभर तो त्या पाटीवर लिहीत आणि खोडत बसला. माझ्यापाशी बसून कधी चार ओळींपुढे गेला नव्हता मेला! पाठवलेल्या पत्राची प्रत तेवढी माझ्या पदरात पडली. 'पुढच्या सोमवारी आमचं रजिस्टर लग्न आहे. अण्णा, तुम्ही या.'

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. वाटलं, आला परत! पण नुसता पासवर्ड बदलून गेला, आणि एडिटरला नवा पासवर्ड सांगायचं विसरला. तेव्हापासून एडिटरला माझं दार उघडत नाही. पण पठ्ठ्या कबूल करेल तर शपथ! जुनीच यादी दाखवून म्हणतो, 'नवीन पत्र नाही.' मी मनातून खूश झालो. बरी जिरली.

बुधवारी अण्णांचं उत्तर आलं. 'चि. क्षितिज, तुझे पत्र पोचले. शनिवारी सकाळी सातला चेन्नई सेंट्रलला उतरतो. मला तमिळ येत नाही, घ्यायला ये. मधुवंतीसाठी तुझ्या आईची इरकल आणतो आहे.'

माझी खुशी तिथेच संपली.

आज शुक्रवार. क्षितिजनं दिवसभर त्या एडिटरलाच विचारलं आणि दर वेळी त्याच्यावर विश्वास ठेवला. संध्याकाळी मधुवंती म्हणाली, "अय्यो, एकदा मेलबॉक्स उघडून बघ ना पा!"

"इथे सगळं दिसतं गं. अण्णांना उत्तरच द्यायचं नाहीये. उद्या पहाटेच इथल्या कोवलमच्या समुद्रावर जाऊ. मला घरात बसवणार नाही."

क्षितिज, ऐक रे. मी हरलो म्हण. त्या एडिटरलाच नवा पासवर्ड सांग. पत्र त्याच्याकडूनच वाच, लाडही त्याचेच कर, मला पुन्हा कधी उघडू नकोस. पण आजच सांग. अण्णा गाडीत बसले असतील.