हातभर करपलेली हिरवळ

मित्रांनो, मी एक जुनी खत पसरायची गाडी आहे. दोन चाकं, पत्र्याची पेटी, तिच्या तळाशी सरकती झडप आणि ती उघडायला दांड्यावर एक खटका, एवढाच माझा संसार. ओहायोतल्या एका लहान गावात, व्हर्नन आणि अर्लीन या जोडप्याच्या गॅरेजात माझी तीस वर्षं गेली.

त्यांची हिरवळ अंगणापुरती, पण व्हर्ननचा थाट जहागिरीचा. निम्मं खत घराकडून रस्त्याकडे, उरलेलं निम्मं आडवं. वळताना खटका सोडून झडप बंद. चाक मागच्या खुणेवरूनच गेलं पाहिजे, नाहीतर गवतात पिवळे पट्टे उठतात आणि समोरचा डेल ते सगळ्या गल्लीला दाखवत सुटतो.

"व्हर्नन, गवताला भांग पाडायचा तेवढा राहिलाय," डेल म्हणायचा.

"तू तुझ्या टकलाचं बघ."

काम संपलं की व्हर्नन मला धुऊन कोरडी करायचा, कारण खत पत्र्याला खातं. पण एका शरदात त्याची छाती दुखत होती आणि मला धुवायचं राहून गेलं. झडपेला गंज चढला. एप्रिलमध्ये, आडव्या फेरीत, मध्येच त्याच्या हातून खटका सुटला आणि तो जागीच कोसळला. झडप मिटलीच नाही. त्याला उचलून नेईपर्यंत माझ्यातून खत झरत होतं.

तो परत आला नाही. आठवड्याभरात जादा खताने तिथलं हातभर गवत करपलं.

तेव्हापासून अंधाऱ्या गॅरेजात मला माझ्यामागे त्याची पावलं ऐकू येतात. पावलांची मला भीती नाही. ती थांबतात, तेव्हा मी हादरते.

अर्लीन त्या डागाला वळसा घालून चालायची. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. मग डेल म्हणाला, "अगं, भरपूर पाणी सोड, मेलेलं गवत खरवड, नवीन बी टाक. लोक बघतात."

"बघू देत. तिथे तो पडला होता, डेल."

"म्हणून तर म्हणतोय. त्याला हे बघवलं असतं का?"

अर्लीनने त्याच संध्याकाळी पाण्याची नळी ओढून आणली. तिने रोज पाणी घातलं, बी टाकलं. उन्हाळ्याअखेर हिरवळ सगळीकडे सारखी झाली.

पुढच्या एप्रिलमध्ये, तो गेला त्या दिवशी, ती फुलं घेऊन बाहेर आली आणि मध्येच उभी राहिली.

"डेल, इथेच ना रे?"

डेलने एक जागा दाखवली, मग दुसरी, मग टोपी काढून हातात धरली. अर्लीन गुडघ्यांवर बसून तळहातांनी गवत चाचपत राहिली. फुलं तिच्या मांडीवरच सुकली.

मित्रांनो, खत टाकून झालं की आमच्यासारख्यांना धुऊन, पुसून ठेवा. कंटाळा करू नका. आणि माझं एक काम करा. अर्लीनला सांगा, मला एकदा बाहेर काढ. घराकडून नववी आडवी ओळ, कुंपणापासून चौदा पावलं. ती जागा मला ठाऊक आहे.