हनीफ सरांचं पिंप

माणसं दोनशे एकवीस. ढोल तीन, ताशा एक, बडवायला आणलेले पत्र्याचे डबे दोन. तनुजानं पायऱ्यांवरून नजर फिरवत दोनदा मोजलं. सगळं दर रविवारसारखंच होतं, फक्त टिपरू एकाच्याही हातात नव्हतं.

कारखान्यांतला आवाज मोजणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. मुठीत मावणारा मीटर ती सामन्यांनाही आणायची, निव्वळ कुतूहलापोटी. आपल्या संघानं गोल केला की भोसरीच्या या मैदानात एकशे तीन डेसिबल भरायचे. आज सकाळी मैदान रिकामं असताना तिनं मोजलं तेव्हा, रस्त्यावरच्या ट्रकांसकट, आकडा होता बावन्न.

खाली रेषेजवळ तिचा भाऊ रविराज उभा होता. क्लबचा नवा मॅनेजर, आणि आजचा त्याचा पहिला सामना. शेजारी पांढरी प्लास्टिकची खुर्ची.

त्या जागी एकोणीस वर्षं निळं पिंप असायचं. आधीचे मॅनेजर हनीफ सर त्याच्यावर बसत. सामना सुरू होताना उठून पिंपावर दोन थापा मारत, आणि तिन्ही ढोल एकदम उसळत. थाप पडल्याशिवाय ढोल वाजवायचा नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण वाजवला कधी कुणी नव्हता. गेल्या महिन्यात सरांचे गुडघे बोलायचे थांबेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच रविराजचं नाव पुढं केलं आणि ते लेकीकडं सोलापूरला गेले.

रविराज चाकणच्या एका कंपनीत शिफ्ट इनचार्ज. आल्या आल्या त्यानं मैदान कंपनीसारखं आवरायला घेतलं. जे कामाचं नाही त्याला लाल टॅग लावायचा, आठवड्यानं भंगारात काढायचं. फाटक्या जाळ्या गेल्या, मोडकी बाकं गेली. पिंपाला तडा गेला होता. त्यालाही टॅग लागला, आणि तेही गेलं.

"दादा, पिंप ठेवायचं होतंस," तनुजा तेव्हा म्हणाली होती.

"अगं, फुटकं होतं ते. नवी खुर्ची घेतलीय की!"

आता पायऱ्यांवर तिला पहिला लाल टॅग दिसला. गोरक्षच्या शर्टाच्या बटणाला, दोऱ्यानं बांधलेला. गोरक्ष म्हणजे पहिल्या ढोलाचा मालक. टिंगल केल्याशिवाय ज्याला पाणी गिळवत नाही असा माणूस. मग शेजारच्याच्या छातीवर दुसरा. मग रांगच्या रांग. कोरे टॅग, ज्यानं त्यानं आपापल्या कंपनीतून आणलेले.

"गोरक्षभाऊ, हे काय?"

"आमीबी जुनंच सामान, मॅडम." तो हसला नाही. "कंपनीत आमच्या मशीनला हाच टॅग लागलेला. महिन्यानं मीबी घरी."

ती वरच्या पायरीवर दादासाहेबांकडं गेली. क्लब निघाला तेव्हापासून त्यांनी एकही सामना चुकवला नव्हता.

"काका, सरांनीच दादाचं नाव सुचवलं. विचारा त्यांना फोन करून."

"इचारलंय पोरी. व्हय म्हनले." म्हातारा मैदानाकडंच बघत होता. "पन पिंपाला टॅग सरांनी न्हाई लावला."

"तो माफी मागेल. मी सांगते त्याला."

"आज टूल डाउन हाय. जागेवर यायचं, उभं ऱ्हायचं, काम करायचं न्हाई. ह्यो सामना झाला की बघू, त्येला ठिवायचा का न्हाई."

ती धावतच खाली आली. "दादा, वर जा. दोन शब्द बोल त्यांच्याशी."

रविराजनं पायऱ्यांकडं पाहिलं. "एक गोल होऊ दे, तनू. गोल झाल्यावर कोण गप्प बसतंय? हीच माणसं खांद्यावर घेतील बघ."

शिट्टी झाली. चेंडूला बूट लागल्याचा आवाज पार पायऱ्यांपर्यंत आला. असा तो तिनं कधी ऐकलाच नव्हता. खेळाडू एकमेकांना हाका मारत होते, मग हळूहळू तेही कमी झालं. पास मागायला नुसते हात वर होऊ लागले. मध्यंतरात रविराज संघाला पाणी द्यायला गेला. परत आला तेव्हा पांढऱ्या खुर्चीच्या दांडीला लाल टॅग लटकत होता. त्यानं तो सोडवला नाही. खुर्चीवर बसलाही नाही.

सामना संपायला थोडा वेळ असताना कोपऱ्यातून चेंडू आला आणि अजिमनं डोक्यानं तो जाळीत घातला. सवयीनं तो हात पसरून पायऱ्यांकडं धावत सुटला, मागून सगळा संघ. रविराजही दोन्ही मुठी वर करून वळला.

दोनशे एकवीस माणसं उठून उभी राहिली. छातीवरचे टॅग वाऱ्यानं हलत होते. अजिम धावता धावता थांबला, त्याच्या मागचे थांबले. रविराजच्या मुठी तशाच वर राहिल्या.

तनुजानं मीटर पायऱ्यांकडं धरला आणि आकडा स्थिर होऊ दिला.

एक्कावन्न.