चिकटवलेली दोन पानं

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, कुत्र्यांच्या वंशावळीची. कोणत्या पिल्लाची आई कोण, आजोबा कोण, पदकं किती, सगळं माझ्यात आहे. पाहुणे आले की मालक मला मांडीवर घेत आणि म्हणत, "सात पिढ्या आहेत. एक डाग दाखवा." मी कौतुकाने फुगून जात असे. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

कारण डाग होता. एका वेतातली चार पिल्लं वर्षभरात आंधळी झाली. मालकांनी ते लिहिलं, पिल्लं कुणाला दिली ते पत्तेही लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी ती दोन पानं डिंकाने चिकटवून टाकली. घराण्याचं नाव जाईल म्हणून. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

पुढे मी कपाटात धूळ खात पडले. मग एक संशोधक बाई आल्या. कुत्र्यांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून त्या नमुने घेत. हे आंधळेपण कोणत्या जनुकातून उतरतं, ते त्यांना शोधायचं होतं.

"डोळस कुत्र्यांचे नमुने ढीगभर आहेत, काका. आंधळं एकही मिळत नाही. जो तो म्हणतो, आमच्यात नाही."

"आमच्यातही नाही," मालक म्हणाले.

त्यांची लेक मला चाळत होती. तिच्या लाडक्या कुत्रीचा जोड पुढच्याच आठवड्यात याच घराण्यातल्या नराशी लावायचा होता.

"बाबा, हे पान एवढं जाड कसं?"

मालकांनी त्या जाड पानावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "किटलीची वाफ दे. फाडू नकोस."

जोड थांबवला. त्या पत्त्यांवर दोन आंधळी कुत्री अजून जिवंत सापडली आणि त्यांच्या नमुन्यांमुळे बाईंना बिघडलेलं जनुक मिळालं. लेकीच्या कुत्रीत ते होतं, त्या नरातही होतं. दोघं धडधाकट, पण दोघांकडून तोच बिघाड ज्या पिल्लाला मिळाला असता, ते आंधळं झालं असतं. आणखी किती वेतं माझ्या गप्प बसण्यामुळे अशी गेली असतील, ते मोजायची मला हिंमत होत नाही.

मित्रांनो, पदकं लिहाल तशी दुखणीही लिहा. आणि लिहिलेलं झाकू नका.

त्या दोन आंधळ्यांपैकी एक म्हातारा कुत्रा परवा घरी आला होता. टेबलाच्या पायाला धडकला, मग मला हुंगून त्याने शेपटी हलवली. माझ्यात त्याची नोंद फक्त 'नर, तिसरा' एवढीच होती. मालकांनी त्याच्या माणसांना नाव विचारलं आणि डिंकाच्या डागाशेजारी लिहिलं: भोपळा.